मोलोक, गणपती आणि बाबांची पॉवर प्रेस

दर दसऱ्याला आमच्या घरी एक भांडण ठरलेलं असतं. विषय: माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू लावायचं की नाही. बाबा म्हणतात, "तुझं हत्यार आहे ते, पाटावर ठेव." मी म्हणतो, "बाबा, कुंकू कीबोर्डात जातं." आई म्हणते, "अरे एक बोट लावू दे की त्यांना." मग मी झाकण बंद करून, वर फडकं टाकून, नाइलाजाने लॅपटॉप पुढे करतो. बाबा फडकं बाजूला करतात, नेमकं कंपनीच्या लोगोवर कुंकू लावतात, एक झेंडूचं फूल ठेवतात आणि हात जोडतात. मी तोवर दारात उभा राहून मोबाईल बघत असतो.

आजचा शनिवारचा लेख या भांडणावर लिहायचा नव्हता, सायन्स फिक्शन सिनेमांवर लिहायचा होता. पण लिहायला बसलो आणि गाडी वळून वळून तिथेच यायला लागली. तेव्हा मंडळी, सांभाळून घ्या.

तर सिनेमे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी अभ्यास किती केला हा प्रश्न वेगळा, पण मित्रांच्या हार्ड डिस्कवरून सायन्स फिक्शनचे सिनेमे मात्र भरपूर पाहिले. त्या वयात डोक्यात एक पक्कं समीकरण होतं. पौराणिक सिनेमे म्हणजे आजीचे, सायन्स फिक्शन म्हणजे आपले. तिकडे श्रद्धा, इकडे बुद्धी. खोपटच्या एसटी स्टँडसमोर चहा पीत, सुटणाऱ्या गाड्यांचा धूर खात, आम्ही दोन-तीन मित्र यावर तासन्‌तास बोलायचो. (चहा उधारीवर, बुद्धी रोखीत.)

मग कधीतरी लक्षात यायला लागलं की या बुद्धिवादी सिनेमांच्या खिशात जपमाळ आहे. सुरुवात बहुतेकांची होते तशी 'मेट्रिक्स'पासून झाली. १९९९ चा सिनेमा. नायक मरतो आणि परत उठतो, त्याच्या प्रेयसीचं नाव ट्रिनिटी, माणसांच्या शेवटच्या शहराचं नाव झायन, जहाजाचं नाव बायबलमधल्या बॅबिलोनच्या राजाचं. आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी श्रेयनामावली सुरू होते तेव्हा मागे चक्क बृहदारण्यक उपनिषदातला शांतिमंत्र! शाळेच्या प्रार्थनेत आम्ही जो अर्धे डोळे मिटून म्हणायचो, तोच. हॉलिवूडच्या सिनेमात तो ऐकल्यावर एकदम अंगावर काटा आला. शाळेत कधी आला नव्हता.

मग तो खेळच झाला. सिनेमा लावायचा आणि देव शोधायचा. यातला माझा सगळ्यात आवडता १९५१ चा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'. परग्रहावरून क्लाटू नावाचा पाहुणा वॉशिंग्टनला उतरतो. शांततेचा निरोप घेऊन आलेला असतो, पण सैनिक त्याला गोळी घालतात. इस्पितळातून निसटताना तो एक सूट पळवतो. सुटाला लाँड्रीची चिठ्ठी असते, त्यावर नाव असतं कार्पेंटर, म्हणजे सुतार. तेच नाव घेऊन तो सामान्य लोकांत राहतो. पुढे त्याला मारतात, त्याचा यंत्रमानव त्याला जिवंत करतो, आणि जगाला शेवटचा इशारा देऊन तो आकाशात निघून जातो. आता सांगा! पटकथाकार एडमंड नॉर्थने नंतर कबूल केलं की ही त्याची खासगी गंमत होती, दिग्दर्शक-निर्मात्यालाही त्याने सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज म्हणायचा की लोकांनी दाखवून देईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही. सेन्सॉरच्या लोकांना मात्र बरोबर वास आला. यंत्राने माणसाला जिवंत करणं त्यांना चालेना. मग जीवन-मरणाची खरी सत्ता परमात्म्याकडेच आहे, अशा अर्थाचं वाक्य क्लाटूच्या तोंडी घालावं लागलं. कोडमध्ये एका डेव्हलपरने गुपचूप काहीतरी टाकावं, प्रोजेक्ट मॅनेजरला पत्ता नसावा आणि टेस्टरने पकडावं, तसला प्रकार.

आपल्याकडे मात्र लपवाछपवी नाही. 'कोई... मिल गया' (२००३) मी आईबाबांबरोबर थिएटरात पाहिला होता. शाळेत नुकता जायला लागलो होतो. त्यात कॉम्प्युटरवरून अंतराळात काय पाठवतात? ओम. त्याला उत्तर म्हणून कोण येतं? निळा पाहुणा. पुढच्या भागाच्या नायकाचं नाव कृष्णा. 'मिस्टर इंडिया'त (१९८७) अदृश्य अनिल कपूर बॉब ख्रिस्तोला बडवतो तो कशाने, तर हनुमानाच्या मूर्तीने. वर त्याच्याकडून बजरंगबलीचा जयजयकारही करून घेतो. एच. जी. वेल्सचा अदृश्य माणूस आपल्याकडे येऊन मारुतीच्या देवळात कधी शिरला, कळलंच नाही. खरं तर वेल्सच्या त्या कादंबरीवर हॉलिवूडने १९३३ मध्ये सिनेमा काढला आणि १९३७ मध्ये त्यावरून मुंबईत 'ख्वाब की दुनिया' आला. त्यात बाबूभाई मिस्त्रींनी वस्तू काळ्या दोऱ्याने टांगून हवेत हलवल्या, म्हणून त्यांचं नावच पडलं 'काला धागा'. याच बाबूभाईंनी पुढे १९६१ मध्ये 'संपूर्ण रामायण' दिग्दर्शित केला. दोरा तोच. अदृश्य माणसाचा पेला उचलायलाही आणि देवांचे बाण उडवायलाही.

आणि अजून मागे जायचं तर दादासाहेब फाळके. १९१० मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते. हॉलिवूडचा नॉर्थ ख्रिस्ताला परग्रहवासी करून लपवतो, आणि आपला नाशिकचा माणूस सरळ समोर दिसणाऱ्या ख्रिस्तात कृष्ण बघतो. माझ्या मते तरी भारतीय सिनेमाचा अख्खा इतिहास या एका संध्याकाळीत आहे. असो.

(कुब्रिकचा '२००१' राहिला असं कोणी म्हणेल. राहिला नाही, टाळला. तो काळा दगड समोर आला की मागे लिगेटीच्या रेक्विएममधली, देवाकडे दया मागणारी प्रार्थना सुरू होते, एवढं सांगून पुढे जातो. त्यावर लिहायला लागलो तर सोमवार उजाडेल.)

आता मुद्द्यावर. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' लावला. १० जानेवारी १९२७ ला बर्लिनमध्ये पहिला खेळ झालेला मूकपट. नंतर कापून कापून इतका छोटा केला की मूळ सिनेमा हरवला असंच सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये ब्युनोस आयरीसच्या सिनेमा संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये अडीच तासांचा सिनेमा पुन्हा जोडून दाखवला गेला. मी तो लावला तेव्हा बाबा सोफ्यावर होते. मॅच पावसाने धुतली होती, नाहीतर रिमोट माझ्या हाती लागला नसता. "कुठला?" म्हणाले. म्हटलं, जर्मन आहे, मुका आहे. "मग बरंय, मलाही कळेल." मी मधल्या पाट्या वाचून मराठीत सांगायचं, असा करार झाला.

थोडक्यात गोष्ट अशी. वर उंच इमारतींत मालक लोक, खाली जमिनीच्या पोटात कामगार. मालकाचा मुलगा फ्रेडर एका मुलीमागे जात चुकून खाली मशीनच्या हॉलमध्ये पोचतो. या सिनेमात देव शोधायला भिंग लागत नाही, जिकडे तिकडे बायबल आहे. मुलीचं नाव मारिया. ती भुयारात क्रुसांपुढे उभी राहून कामगारांना बॅबेलच्या मनोऱ्याची गोष्ट सांगते. चर्चमध्ये सात पापांचे पुतळे, त्यांच्याबरोबर मृत्यू. शास्त्रज्ञाच्या दारावर पाच टोकांची चांदणी. मी उत्साहाने बाबांना हे सगळं समजावून देत होतो. बाबांचं लक्ष दुसरीकडेच.

"या मशीनला गार्ड नाहीये."

"बाबा, सिनेमा आहे."

"असू दे. पण एवढ्या वाफेच्या मशीनला एकटा माणूस व्हॉल्व्ह बघतोय. चक्कर आली तर?"

आणि पडद्यावर त्या माणसाला खरोखर चक्कर आली! पारा चढत गेला, तो हात लांबवतोय, पोचत नाहीये, आणि स्फोट. फ्रेडर फेकला जातो. त्याच्या डोळ्यांपुढे ते मशीन बदलतं. त्याला डोळे फुटतात, जबडा उघडतो, जबड्यात पायऱ्या, आणि पुजारी कामगारांना ओढत नेऊन त्या तोंडात ढकलतात. पडद्यावर पाटी येते: मोलोक! मोलोक म्हणजे बायबलमधला तो देव, ज्याला लोक आपली मुलं जाळून अर्पण करायचे. मग भास ओसरतो, मशीन पुन्हा मशीन होतं, जखमींना उचलून नेतात आणि त्यांच्या जागी दुसरे कामगार येऊन उभे राहतात.

मोलोक म्हणजे काय हे मी बाबांना सांगत होतो. ते काही बोलले नाहीत. डाव्या हाताचा अंगठा उरलेल्या तर्जनीवर फिरवत बसले होते. ही त्यांची सवय आहे. आम्ही घरात ती पाहत नाही, म्हणजे पाहतो पण पाहत नाही.

इथे थोडं मागे जावं लागेल. बाबा तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये होते. एमआयडीसी १९६२ मध्ये निघाली, तिच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही एक. खोपटहून कॅडबरीचा सिग्नल, हायवे ओलांडायचा की पलीकडे कारखानेच कारखाने. आता तिथले बरेचसे जाऊन आयटी पार्क आलेत, त्यातल्याच एकात मी बसतो. बाबा सायकलवर जायचे, मी शेअर रिक्षाने, एवढाच फरक. (आणि एसीचा.) बाबा एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पंख्याच्या मोटरीत पातळ पत्र्याच्या चकत्या असतात ना एकावर एक, त्या मारायचे. पत्रा डायवर ठेवायचा, पेडल दाबायचं, प्रेस खाली येते, चकती पडते, हात घालून उरलेला पत्रा काढायचा, पुन्हा. दिवसाला हजारो वेळा.

मी दुसरीत असताना प्रेसने डबल मारला. म्हणजे पेडल एकदा दाबलं आणि ती दोनदा खाली आली. दुसऱ्या वेळी बाबांचा डावा हात आत होता. तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक. मला आठवतंय ते एवढंच की शेजारच्या काकू मला शाळेतून आणायला आल्या होत्या आणि त्यांनी वाटेत न मागता आइसक्रीम घेऊन दिलं होतं.

दोन महिन्यांनी खंडेनवमी आली. कारखान्यात मशीनची पूजा असायची, मुलांना न्यायची पद्धत होती. पेढा आणि वेफर्सचं पाकीट मिळायचं, त्यामुळे मी एक पायावर तयार. बाबांच्या हाताला अजून बँडेज होतं. धुतलेली, तेल पुसलेली, झेंडूच्या माळा घातलेली मशीनं ओळीत उभी होती. बाबांनी त्याच प्रेसला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि वाकून नमस्कार केला. मी पेढा खात होतो. तेव्हा काहीच वाटलं नाही.

वाटलं ते बारा वर्षांनी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, नुकती अक्कल फुटली होती. दसऱ्यालाच कशावरून तरी वाद झाला आणि मी बोलून गेलो, "ज्या मशीनने तुमची बोटं खाल्ली त्याच्या पाया पडता तुम्ही. याला श्रद्धा नाही म्हणत बाबा, गुलामी म्हणतात." अजून बरंच बोललो, ते इथे लिहीत नाही. आई ओट्याशी उभी होती, तिने गॅस बंद केला. बाबा उठून बाहेर गेले, मासुंदा तलावाला चक्कर मारून रात्री उशिरा आले. आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी माफी मागितली नाही, कारण माझं बरोबर होतं ना! पुढे तो विषय निघाला नाही. त्याची जागा लॅपटॉपच्या भांडणाने घेतली. ते हलकं होतं, दोघांना झेपणारं.

आणि आता सोफ्यावर बसून मी त्याच माणसाला मशीन माणसं कशी खातं ते पाटी वाचून समजावत होतो. माणसाने किती मूर्ख असावं?

सिनेमा मात्र बाबांनी पूर्ण पाहिला. पुढे फ्रेडर एका थकलेल्या कामगाराची जागा घेतो. प्रचंड घड्याळासारखं मशीन, कडेने दिवे लागतात, जो दिवा लागेल तिकडे काटा ओढून न्यायचा. दहा तासांची पाळी. शेवटी तो त्या काट्यांवर हात पसरून लोंबकळतो, अगदी क्रुसावरच्यासारखा, आणि बापाला हाक मारतो की हे दहा तास संपणारच नाहीत का. क्रुसावरच्या ख्रिस्ताने बापाला मारलेली हाक उघड उघड इथे आणून ठेवलीय. बाबा म्हणाले, "पोरगा नवीन आहे. काट्याबरोबर नाही जायचं, आधी दिवे बघून घ्यायचे, त्यात काहीतरी लय असणार." मग थोडं थांबून, "पण पहिल्या दिवशी असंच होतं." शेवटी चर्चच्या पायऱ्यांवर मालक आणि फोरमन हात मिळवतात, हृदय हेच डोकं आणि हात यांच्यातला मध्यस्थ वगैरे. हा शेवट लांगला स्वतःलाही पुढे पटेनासा झाला होता. वेल्सने तर १९२७ मध्येच अख्ख्या सिनेमाची खिल्ली उडवली होती. बाबांचं परीक्षण सगळ्यात छोटं: "हात मिळवला, पण पगारवाढीचं काय ठरलं?"

त्या रात्री झोप येईना. मोबाईलवर 'मेट्रोपोलिस'ची मूळ कादंबरी काढली. लेखिका थेआ फॉन हार्बू, म्हणजे लांगची तेव्हाची बायको. पटकथाही तिचीच. वाचता वाचता मशीनच्या हॉलपाशी आलो आणि उठून बसलो. पुस्तकात फ्रेडर ज्या मशीनवर त्या कामगाराच्या जागी उभा राहतो, ते घड्याळासारखं नाहीच. ते गणपतीसारखं आहे! अक्षरशः नाव घेऊन. हत्तीचं डोकं छातीवर झुकलेलं, आखूड पाय, बसकं अंग, तेलाने चकाकणारं, आणि आखूड हात पुढे-मागे, पुढे-मागे चाललेले. त्याच्यासमोरचा माणूस थकून माणूसही उरलेला नाही. फ्रेडर बापाला आपल्या शहरातल्या मशीनांबद्दल सांगतो तेव्हा मोलोकच्या रांगेत दुर्गा येते, जगन्नाथाचा रथ येतो, पारशांचे शांततेचे मनोरेसुद्धा येतात. सिनेमात फक्त मोलोक उरला. आमचा बाप्पा कापला गेला, त्याच्या जागी घड्याळ बसवलं.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच रागाची. आमचा गणपती आणि माणसं चिरडणारा? या बाईने गणपती कधी पाहिला होता? दीड दिवसाच्या विसर्जनाला तलावपाळीवर येऊन उभी राहिली असती तर कळलं असतं. पण आडनाव शोधत गेलो आणि गोष्ट भलतीकडेच निघाली. लांगपासून १९३३ मध्ये घटस्फोट झाल्यावर या थेआबाईंनी गुपचूप लग्न केलं ते कोणाशी? आयी गणपत तेंडुलकर यांच्याशी. बेळगावजवळच्या बेळगुंदीचा मराठी माणूस! शिकायला युरोपात गेलेला, बर्लिनमध्ये पत्रकारी करणारा, तिच्याहून वयाने बराच लहान. लग्न गुपचूप, कारण हिटलरच्या राज्यात एका नामवंत जर्मन बाईने हिंदुस्थानी माणसाशी उघड लग्न करणं शक्य नव्हतं. आणि याच बाई नाझी पक्षाच्या सदस्यही होत्या. हे दोन्ही एका माणसात कसं मावतं, मला सांगता येणार नाही. महायुद्धाच्या आधी तेंडुलकर हिंदुस्थानात परतले, पुढे गांधीवादी कार्यकर्त्या इंदुमती गुणाजींशी त्यांचं लग्न सेवाग्रामला, गांधीजींच्या आशीर्वादाने झालं. त्यांच्या मुलीने, लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी, 'इन द शॅडो ऑफ फ्रीडम' या पुस्तकात ही सगळी हकिगत लिहिली आहे. थेआ फॉन हार्बू १९५४ मध्ये बर्लिनमध्ये वारली.

आता कोणालाही मोह होईल की मराठी नवऱ्यामुळे कादंबरीत गणपती आला. मलाही झाला, रात्री अडीच वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायलाही निघालो होतो. पण तारखा जुळत नाहीत. कादंबरी १९२६ पर्यंत आलेली, तेंडुलकर तिच्या आयुष्यात आले त्यानंतर काही वर्षांनी. गणपत नावाच्या बापाचा मुलगा नंतर आला, गणपती आधीच येऊन बसला होता. मला ही खरी माहिती त्या खोट्या गोष्टीपेक्षा जास्त आवडली.

सकाळी चहाबरोबर बाबांना सांगितलं. म्हटलं पुस्तकात ते मशीन गणपतीसारखं होतं, हात असे पुढे-मागे. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. ते हसायला लागले. "आमच्या प्रेसचं पण तसंच होतं की. खाली बसकी, वरती ते फ्लायव्हील मोठं, कानासारखं. तेल लावलं की चमकायची." मग कपात बिस्कीट बुडवता बुडवता अगदी सहज म्हणाले, "त्या वर्षी मी मुद्दाम गेलो होतो पूजेला."

मी काही बोललो नाही. कुठल्या वर्षी, हे विचारायची गरज नव्हती.

"क्लचची की झिजली असणार असं मला वाटत होतं. अ‍ॅक्सिडेंटच्या आधी दोनदा सांगितलं होतं मी, की ही मधूनच डबल घेते. कोण ऐकतो. मशीन उघडायचं म्हणजे अर्धा दिवस प्रॉडक्शन बंद. वर्षातून एकदाच सगळी मशीनं बंद करून, उघडून, धुऊन पुसायचे, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. पूजा घाणेरड्या मशीनची कशी करणार? तेव्हा मालकही काही बोलायचा नाही. मी आदल्या दिवशीच जाऊन बसलो सेटरजवळ. म्हटलं, माझ्यासमोर उघड."

"मग?"

"कड पूर्ण गोल झाली होती. हातात धरून बघितली मी. मग बदलली त्यांनी. माझ्यानंतर त्या प्रेसवर जो मुलगा आला, बिहारचा होता, त्याचे दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत अजून. फोन करतो दिवाळीला."

मी विचारलं, "हे तेव्हा का नाही सांगितलंत? मी एवढं बोललो तेव्हा?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगत होतास."

चहा गार होत होता. मला अजून एक विचारायचंच होतं. "मग नमस्कार कशाला केलात? की बघायला गेला होतात तर की बघून यायचं."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी क्लायंटकडे बघतो. "नमस्कार पण केला. का नाही करणार? वीस वर्षं घर चालवलं तिने. की झिजली, त्यात तिचा काय दोष?"

हे मला पटलं का? पूर्ण नाही. दोनदा सांगूनही मशीन न उघडणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न राहतोच. आणि मशीन उघडायला देवाचं निमित्त लागावं, याचा मला आजही संताप येतो. मी तसं बोललोही. या वेळी आवाज न चढवता. बाबा म्हणाले, "तुमच्यात काय करतात?" मी जरा विचार करून सांगितलं की आमच्यात सर्व्हर पडल्यावर उघडतात.

यंदा खंडेनवमीला मी घरीच होतो. दुपारी छोटा स्क्रूड्रायव्हर आणून लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. पंख्यात धुळीची चक्क गादी तयार झाली होती. बाबा शेजारी चष्मा लावून बसले, टूथब्रश त्यांनीच शोधून आणला, आणि तो इवलासा पंखा बोटाने फिरवून पाहत म्हणाले, "याच्या चकत्या कुठे असतात?" मग मोटर कशी असते यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. त्यातलं मला जेमतेम अर्धं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पाटावर ठेवला. फडकं टाकलं नाही. बाबांनी हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं, मी मोबाईल खिशात ठेवून उभा राहिलो. हात जोडले नाहीत, पण दारात नव्हतो, आत होतो.

सोमवारी ऑफिसात एंटर की अडकायला लागली. कुंकू. :-)